हात आडवा धरेपर्यंत

जबलपुरात मला आजवर जे जे मिळालं नाही, ते बहुतेक सगळं मी एकदा "नको" म्हटल्यामुळे मिळालं नाही.

हे आईचं शिक्षण. आमच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चहा घेता का? नको. घ्या हो थोडा. नको, आत्ताच झाला. अहो, अर्धा कप. बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर. एवढं सगळं झालं की मग कप हातात घ्यायचा. आजोबा अमरावतीकडून येऊन इथल्या फॅक्टरीत लागले, बाबा त्याच फॅक्टरीतून रिटायर झाले, दोन पिढ्या हिंदीत बुडाल्या, पण हा हिशेब काही बदलला नाही. अडचण एवढीच की समोरच्याला तो ठाऊक नसतो. तो बिचारा एकदा विचारतो, माझं "नको" ऐकतो आणि माझ्या देखत एकट्याचा चहा मागवतो.

डॉ. नीलकंठ तिवारींनी अगदी हेच केलं. ते आमच्या विद्यापीठातल्या मीडिया आर्ट्सचे विभागप्रमुख, आणि गेल्या जुलैत मी त्यांच्यासमोर मुलाखतीला बसले होते.

"अवंती जी, चाय लेंगी?"

"नहीं सर."

त्यांनी एक कप मागवला आणि सावकाश प्यायला. मग म्हणाले, "आप की कुर्सी पंखे के नीचे लगवा दूँ? यहाँ उमस बहुत है."

"नहीं नहीं सर, कहीं भी चलेगा."

माझी खुर्ची पश्चिमेच्या खिडकीशी गेली. दुपारी दोननंतर तिथे पापड वाळले असते. पंख्याखाली झेरॉक्स मशीन ठेवलं गेलं आणि ते ऑक्टोबरपर्यंत मजेत वारा खात होतं.

माझी नेमणूक "अतिथी विद्वान" म्हणून झाली. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला हे नाव आहे. घरी अतिथी आला की आपण त्याला बसा म्हणतो, जेवून जा म्हणतो. इथे अतिथीला पहिल्याच दिवशी जायचं कधी ते सांगतात. एम.ए.च्या मुलांना प्रोग्रामिंगची तोंडओळख करून द्यायची होती. पेपर तसा नवा, दुसरंच वर्ष. माझ्या आधीचे दोन अतिथी सत्र संपायच्या आतच पळून गेले होते.

"दिसंबर में बाहर से एग्जामिनर आएँगी," तिवारी सर म्हणाले. "ग्यारह बच्चे हैं. आठ पास हो गए तो पेपर रहेगा. नहीं तो पेपर बंद. और पेपर बंद तो..." पुढचं वाक्य त्यांनी कपात बुडवलं.

पुढचं वाक्य मला कळत होतं. पेपर बंद तर मी परत पुण्याला. आठ वर्षं तिथे कंपनीत काढली होती, बाबा गेल्यावर आईसाठी परत आले. जुन्या कंपनीचा दरवाजा उघडा होता, पण आईचं काय? तिला मी एकदा विचारलं होतं, "पुण्याला चलशील का माझ्यासोबत?" ती म्हणाली, "नको." मी परत विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाच जायचं नव्हतं. सकाळी तिलवाऱ्याच्या पुलावरून स्कूटर नेताना खाली नर्मदा दिसते, आई घरी भांडणासाठी ताजीतवानी बसलेली असते, आणि शिकवायला मला मनापासून आवडतं. मला ही नोकरी हवी होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण हवंय असं सांगणं आमच्यात बसत नाही.

तर ते अकरा जण. ही मुलं वाईट नव्हती. वाईट असती तर रागवायला सोपं गेलं असतं. ती सगळी गुणी होती आणि त्यांना प्रत्येक गोष्ट सुंदर करायची होती. पहिल्या गृहपाठात मी फक्त एवढंच मागितलं होतं की कॉम्प्युटरनं पडद्यावर "नमस्ते" लिहावं. एकानं प्रोग्रामचा फोटोच पाठवला, मागे सूर्यास्त, कोपऱ्यात स्वतःची सही. एकानं प्रोग्राम हातकागदावर टाकानं लिहून आणला आणि विचारलं, "मॅम, फ्रेम करवा दूँ?"

रुचिरा पोस्टर फार सुरेख करायची. तिचा प्रोग्राम काही केल्या चालेना. मी जाऊन पाहिलं तर तिनं सगळ्या ओळी मधोमध आणल्या होत्या, लग्नपत्रिकेसारख्या. आता आम्ही शिकत होतो त्या पायथनमध्ये ओळीच्या आधी डावीकडे किती जागा सोडली यावरच कॉम्प्युटरला कळतं की काय कशाच्या पोटात आहे. मी तिला समजावलं.

"पर मॅम, लेफ्ट से शुरू करो तो राइट में कितना खाली लगता है," ती कळवळून म्हणाली. "बॅलन्स ही नहीं है."

"बॅलन्स नको आहे रुचिरा! चालायला हवाय!"

"चल भी जाए और दिखे भी नहीं, तो क्या फायदा?"

मी चिडून तिच्या सगळ्या ओळी डावीकडे सरकवल्या.

विक्की पटेल पनागरहून रोज बसनं यायचा. त्याला मी "नमस्ते" शंभर वेळा लिहायला सांगितलं, दोन ओळींचं काम. त्यानं शंभर ओळी टाईप करून आणल्या. मी म्हटलं, अरे, यासाठी लूप असतो. लूप म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की हेच काम पुन्हा पुन्हा कर आणि अमुक झालं की थांब. तो दुखावला. "मॅम, ये हॅण्डमेड है," म्हणाला.

लूपवर आमचं घोडं अडलं ते अडलंच. मी पाढे सांगितले, एक ते दहा आकडे सांगितले, विभागातले जिने चढून दाखवायचे तेवढे बाकी ठेवले. वर्ग सहानुभूतीनं माझ्याकडे बघायचा. कुणीतरी विचारायचं, "मॅम, इसका विज्युअल क्या है?" एकदा मी इतकी संतापले की डस्टर टेबलावर आपटलं. खडूचा धुरळा उडाला. रुचिरानं तो मंदगतीत शूट केला, मागे सतार लावून नेटवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी तो पसंत केला. त्यात माझं तोंड दिसत होतं. छान दिसत होतं, हेच वाईट.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चाचणी झाली. अकरापैकी दोन पास.

"दो?" तिवारी सर म्हणाले. "पिछले साल तीन थे."

घरी आले ती तशीच पलंगावर पडले. आई डाळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "काहून गं, काय झालं? तोंड काहून असं करून राहिली?"

"काही नाही. मुलांना येत नाही. मला शिकवता येत नाही."

"तर जेवायला बोलव त्यांना. महालक्ष्म्या येऊन राहिल्या ना."

आईकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध आहे. मी नाही म्हणणार होते, पण वर्गातल्या वैष्णवीनं परस्पर जमवलं. वैष्णवी डोंगरे इथल्याच रांझी भागातली, तिचे बाबा फॅक्टरीत, घरी मराठी. मराठी तिला सगळं कळायचं, बोलताना मात्र गाडी अर्ध्या रस्त्यात हिंदीकडे वळायची. मुलांना दुसऱ्या एका पेपरसाठी शहरातल्या एखाद्या सणाची छोटी फिल्म करायची होती. तिनं आमचं घर सुचवलं आणि अकराच्या अकरा जण कॅमेरे घेऊन दुपारी दारात हजर झाले.

विदर्भातल्या घरांत महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे चेष्टा नसते. सोळा भाज्या, कढी, वडे, अंबील, पुरणपोळी, वर तुपाची धार. आईनं आधी सगळे कॅमेरे बंद करायला लावले. "फोटो मागून काढा. आधी पानावर बसा." मुलं ओळीनं बसली. आई पोळ्यांची टोपली घेऊन निघाली आणि विक्कीच्या आयुष्यातला कठीण काळ सुरू झाला.

"बस आंटी," दुसऱ्या पोळीला विक्की म्हणाला. तिसरी आली.

"आंटी, बस, सच में."

"बस काय बस, आत्ता तर बसला तू," म्हणत आईनं चौथी टाकली.

"आंटी, पेट फट जाएगा."

"काही नाही होत. एवढीशी तर आहे." पाचवी.

त्याच्या शेजारी वैष्णवी शांतपणे दोन पोळ्यांवर थांबली होती. आई तिच्यासमोर आली तेव्हा ती काहीच बोलली नाही. नुसती पुढे वाकली आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले. आई मुकाट्यानं पुढे गेली. विक्कीनं हे पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. सातव्या पोळीनंतर त्यानं पानावर हात धरले, जवळजवळ पालथाच पडला, आणि पोळी थांबली.

"आंटी, पहले बताना था ना," तो रडवेला होऊन म्हणाला.

"यात काय सांगायचं?" आईला खरंच आश्चर्य वाटलं. "तोंडानं तर सगळेच नको म्हणतात. हात आडवा धरला की समजायचं, पोट भरलं."

दुसऱ्या दिवशी विक्की वर्गात आला तो पोट धरून. मी हजेरी घेत होते. तो बाकावर बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅम, आप की मम्मी इन्फायनाइट लूप हैं."

माझं पेन हातातच राहिलं. न संपणारा लूप, थांबायची अटच नसलेला. हे मी दोन महिने घसा फोडून सांगत होते.

"नाही," मी म्हटलं. "अट आहे. तुला ती माहीत नव्हती."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: जोपर्यंत पानावर हात आडवा नाही, तोपर्यंत पोळी वाढ. तेच खाली पायथनमध्ये लिहिलं, दोन ओळी. डावीकडून. मग रुचिरा हळूच म्हणाली, "अच्छा... तो पोळी वाली लाइन अंदर इसलिए है, क्योंकि वो पंगत के अंदर है?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी फक्त "बरोबर" म्हटलं, कारण नाक लाल झालं होतं.

त्यानंतर आमचा सगळा अभ्यास पानावर आला. व्हेरिएबल म्हणजे वाटी, आत कढी ओता नाहीतर अंबील, वाटीचं नाव तेच राहतं. उपास असेल तर भगर, नाहीतर पोळी, म्हणजे इफ आणि एल्स. फंक्शन म्हणजे एकदा शिकवून ठेवलेला वाढपी. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं तर मीच शिकवलं असतं. तुला काहून ठेवलं त्यांनी?"

डिसेंबरच्या परीक्षेसाठी अकरा जणांनी मिळून एकच प्रकल्प घेतला आणि त्याचं नाव ठेवलं "पंगत". एक टेबल, त्यावर पांढरं कापड, वरून प्रोजेक्टर. कापडावर केळीचं पान उमटायचं. पदार्थ सगळे रुचिरानं रंगवले होते, तुपाची धार तर अशी की बोट लावून बघावं. टेबलाच्या कडेला दोन बटणं, एक "हो", एक "बस". कापडाखाली उजेड मोजणारा एक छोटा सेन्सर होता, पाहुणा वाकला आणि त्याची सावली पडली की पान मांडलं जावं म्हणून. आवाज माझ्या आईचा. वैष्णवीनं घरी येऊन तो रेकॉर्ड केला आणि आईनं चारदा नको म्हणून मग दोन तास थांबायचं नाव घेतलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी मी सगळं तपासलं. "हो" दाबलं की पोळी, "बस" दाबलं की थांब. चोख चाललं. "आता याला कुणी हात लावायचा नाही," मी बजावलं. त्या दिवशी जाताना विक्कीनं माझ्यासमोर पिशवी धरली. पनागरच्या मळ्यातला ताजा मटर होता, दोन किलो तरी असेल. "मॅम, घर का है. पापा ने भेजा है."

"नको रे, राहू दे," मी म्हटलं.

त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही पुटपुटला आणि पिशवी घेऊन गेला. मटर बसनं पनागरला परत गेला. घरी आईला सांगितलं तर तिनं मलाच दोष दिला, की पिशवीकडे जरा रेंगाळून बघायचं असतं.

परीक्षक भोपाळहून आल्या. डॉ. शर्मिला सक्सेना. कडक इस्त्रीची साडी, चष्मा साखळीला बांधलेला. मागच्या वर्षी कुठल्याशा कॉलेजात त्यांनी सगळा वर्ग नापास केला होता म्हणे. तिवारी सर त्यांच्यामागून हात बांधून चालत होते. मुलं भिंतीला लागून उभी. आठ जण, मी मनात म्हणत होते, फक्त आठ.

मॅडम टेबलाशी बसल्या. जरा वाकल्या, पान उमटलं, तशा सरळ बसल्या. "हो" दाबलं. पोळी आली, तूप आलं. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसलं. दुसरी पोळी आली. त्यांनी "बस" दाबलं.

"अहो, घ्या हो," टेबलातून माझी आई म्हणाली. "एवढीशी तर आहे." तिसरी पोळी पडली.

हे असं नव्हतं. मी तपासलं तेव्हा हे असं नव्हतं.

मॅडमनी पुन्हा "बस" दाबलं. चौथी. पुन्हा दाबलं. "आता मी आणली आहे तर परत काय नेऊ?" आई म्हणाली आणि पाचवी आली. पोळ्या पानाबाहेर सरकायला लागल्या.

"अवंती जी!" तिवारी सरांचा आवाज चिरकला. "ये रुक क्यों नहीं रहा?"

"बंद करते सर," म्हणत मी भिंतीवरच्या बटणाकडे धावले. पाच महिन्यांची मेहनत, नोकरी, आई, सगळं त्या बटणाशी जमा झालं होतं. वैष्णवी मध्ये आडवी आली.

"मॅम, प्लीज, थांबा ना. बंद नका करू."

"अगं, लूप अडकलाय!"

"नाही अडकला. सच में. पहा तुम्ही."

टेबलावर आठवी पोळी पडली होती. नववी कडेवरून घसरली आणि परीक्षकांच्या इस्त्रीच्या साडीवर येऊन बसली, वर तुपाची धार. अर्थात तो नुसता उजेड होता. पण तूप रुचिरानं रंगवलेलं होतं. मॅडम दचकल्या. "अरे बाबा, बस!" म्हणून ओरडल्या आणि कुणी न सांगता पुढे वाकून त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

सगळं थांबलं.

"बरं बाई, राहिलं," आई म्हणाली. "पण ताक तर घ्याल?" आणि एक वाटी उमटली.

मॅडमनी हात तसेच ठेवून चष्म्यावरून वर पाहिलं. "ये कंडीशन किसने लिखी है?"

विक्की पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "मैंने, मॅडम. पहले बस वाले बटन पे रुकता था. रविवार को बदल दिया. अवंती मॅम को नहीं मालूम." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी मॅम. आप ही ने कहा था कि प्रोग्राम में सच लिखो. आप के घर में बस बोलने से कोई रुका है क्या?"

"समझाओ," मॅडम म्हणाल्या.

आणि त्या शंभर ओळी हातानं टाईप करणाऱ्या मुलानं समजावलं. बटण दाबलं की फक्त उत्तर द्यायचं, थांबायचं नाही. हात आला की कापडाखालच्या सेन्सरवर अंधार पडतो. जब तक अँधेरा नहीं, तब तक परोसो. अंधार पडला की लूपच्या बाहेर, तिथे ताक. मॅडमनी त्याला मध्येच अडवलं, उलटसुलट विचारलं, अट चुकीच्या जागी ठेवली तर काय होईल म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तो मेरा वाला हाल होगा, मॅडम. सात पोळी."

मग त्यांनी एकेकाला पुढे घेतलं. रुचिराला विचारलं, ओळींच्या आधी जागा का सोडतात? ती म्हणाली, "किसके पेट में क्या है, ये दिखाने के लिए. सुंदर न लगे तब भी." शेवटचे पाच शब्द तिनं जड मनानं म्हटले.

अकरापैकी अकरा पास. मॅडमनी कागदावर सही केली, साडीवरून उगाच एकदा हात फिरवला आणि तिवारी सरांना म्हणाल्या, "इन्हें छोड़िएगा मत."

तिवारी सर खूष झाले. तिथेच, सगळ्या मुलांसमोर, ते माझ्याकडे वळले. "अवंती जी, तो अगले सेशन में भी आप ही पढ़ाएँगी ना?"

आता याच वाक्यासाठी मी पाच महिने उन्हात बसले होते. या वाक्यासाठी घशाला सूज आणली होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं, "नहीं सर, रहने दीजिए. किसी और को मौका दीजिए."

"अच्छा," तिवारी सर म्हणाले. "जैसी आप की इच्छा." आणि खिशातून पेन काढून त्यांनी डायरी उघडली.

मी उभीच. हात पुढे करून ती डायरी ओढावी असं वाटत होतं, आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. पेनचं टोपण निघालं.

"सर," विक्की म्हणाला. "एक बार और पूछिए."

"क्या?"

"मॅम से. एक बार और पूछिए. अभी कंडीशन पूरी नहीं हुई."

तिवारी सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या ताकाकडे बघत होत्या, पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. सर गोंधळून माझ्याकडे वळले. "अवंती जी... पढ़ा देतीं तो अच्छा रहता."

"उगाच आपल्याला..." मी मराठीत सुरू झाले आणि मग हिंदीत आले. "आप को तकलीफ होगी, सर." बेशरम जीभ. माझी आई असती तर तिनं पाठ थोपटली असती.

सरांनी खांदे उडवले. पेन पुन्हा कागदाकडे गेलं. तेवढ्यात वैष्णवी पुढे आली. ती सरांशी हिंदीत बोलेल असं मला वाटलं होतं, पण ती माझ्याकडे बघत, अडखळत मराठीतच म्हणाली, "मॅम, हात. तुमचे हात कुठे आहेत, सांगा न सरांना."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ते मी पाठीमागे नेले होते, कधी ते मलाही कळलं नव्हतं, आणि एकमेकांत घट्ट अडकवून धरले होते, चुकूनसुद्धा पुढे येऊ नयेत म्हणून.

तिवारी सर माणूस म्हणून मंद नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, टेबलावरच्या पानाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. "अवंती जी," ते हात जोडून म्हणाले, "अगले सेशन में आप पढ़ा रही हैं. एवढीशी तर आहे."

"हो," मी म्हणाले. आणि धीर सुटायच्या आत पुढचंही बोलून टाकलं, "और सर, पंखे के नीचे वाली कुर्सी भी."

"दिसंबर में?"

"अप्रैल के लिए. अभी से बोल रही हूँ."

जाताना विक्कीनं मटरची पिशवी पुढे केली. मी एका दमात घेतली. तो थोडा दचकला, दोनदा आग्रह करायची तयारी करून आला होता बहुतेक.

घरी आईला सगळं सांगितलं. ती मटर सोलत होती. तिनं आधी एवढंच विचारलं, "पहिल्याच खेपेला तर हो नाही म्हटलं ना?"

"नाही. तिसऱ्या."

"मग बरं." तिनं मूठभर दाणे भांड्यात टाकले. मग ती म्हणाली, "तू मला पुण्याचं एकदाच विचारलं होतं."

मी तिच्याकडे बघितलं.

"मी वाट पाहत होते," आई म्हणाली. "दोन्ही बॅगा माळ्यावरून काढून ठेवल्या होत्या. तू परत विचारलंच नाही."

जबलपूर, बाबांचं घर, महालक्ष्म्या, चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी, हे सगळं सोडून ती आली असती, मी फक्त आणखी दोनदा विचारायला हवं होतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आई शेंगा बाजूला सारून उठली.

"आता काहून रडून राहिली? राहिली ना नोकरी? चल, पान घेते. जेवून घे."

तिनं गरम पोळी वाढली. ती संपायच्या आत दुसरी घेऊन आली. "आई, बस," मी म्हटलं. तिनं वाढली. तिसरी घेऊन ती समोर उभी राहिली तेव्हाही पोट भरलेलं होतं, तरी हात मी मांडीवरच ठेवले.